कानकोप्प्याचे दोन किलोमीटर

बिदिरूर, ११ जानेवारी १९९२

तीर्थरूप चौडमामा,

वेणीचा नमस्कार.

तेहतीस वर्षं रस्त्याच्या गँगचे मुकादम म्हणून काढलीत आणि म्हैसूरला सोमशेखरकडे राहायला निघताना मला म्हणालात, "पाण्याशी भांडायला अक्कल लागते, माणसांशी भांडायला अख्खं आयुष्य पुरत नाही." तेव्हा हसले होते. आता हसू येत नाही.

यंदा आमच्या रस्ते खात्याच्या ऑफिसच्या वाट्याला आलेल्या पैशांत दोनपैकी एकच काम होतं. एक तर फाट्यापासून आपल्या कानकोप्प्यापर्यंतचे दोन किलोमीटर उखडून नवा जाड डांबरी रस्ता करायचा. नाहीतर बिदिरूर ते फाटा या अकरा किलोमीटरच्या भेगा भरून, वर पातळ डांबर आणि बारीक खडीचा एक थर द्यायचा. ते अकरा किलोमीटर अजून चांगले दिसतात, पण वरचं डांबर वाळून करडं पडलंय आणि भेगांत नखं जातात. यंदाचं पाणी आत शिरलं की दोन वर्षांत तेही कानकोप्प्यासारखे होणार. मी अकरा धरले. बत्तीस गावं त्यावरून जातात.

काल पंचायतीच्या बैठकीत अध्यक्ष धर्मप्पा उभे राहून काय म्हणाले माहितीये? "इंजिनिअर बाईसाहेब धडधाकट माणसाला मलम लावणार आणि अंथरुणाला खिळलेल्याला म्हणणार, तू मर!" सगळी सभा टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, छप्पर गळायला लागण्याआधी कौलं परततो ना आपण? तर मागून कोणीतरी ओरडलं, "आमच्या घरावर छप्परच नाही हो, कौलं कसली परतताय!"

आणि कानकोप्पा माझंच गाव. गेले तीन दिवस घरी जाते, पण अव्वा पोटच्या पोरीशी बोलत नाहीये. ताट वाढते आणि पाठ करून बसते.

सांगा, मी चुकतेय का?

वेणी

*

म्हैसूर, २० जानेवारी १९९२

चि. वेणीस आशीर्वाद.

तू चुकत नाहीयेस. मोडलेला रस्ता कुठे पळून जात नाही, तो मोडलेलाच राहतो. चांगला रस्ता मात्र हातातून जातो. हे साहेबांना कळत नाही, मग गावाला काय कळणार? टाळ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

आता नीट वाच. खडी क्रशरवरून आली की तशीच टाकू नकोस. धूळ असेल तर डांबर धुळीला चिकटेल, खडीला नाही. बायांना लावून धुऊन घे, वाळव. रस्ता आधी झाडून घे, मग पुन्हा झाडून घे, आणि मग तुझ्या त्या पँटवाल्या कंत्राटदाराला पांढरा रुमाल रस्त्यावर घासायला लाव. डांबर झारीने ओतताना एकच माणूस ओतू दे, हात बदलला की जाडी बदलते. खडी एकावर एक नको, शेजारी शेजारी हवी, हळदीकुंकवाच्या बायका बसतात तशी. सकाळी धुकं असेल तर काम बंद. फेब्रुवारी संपायच्या आत उरक.

कानकोप्प्याच्या तुकड्याला आत्ता हातच लावू नकोस. खणूबिणू नकोस. खड्ड्यांत मुरूम टाक आणि सोड.

इथे सगळं ठीक आहे. सोमशेखरच्या घरासमोरचा रस्ता या वर्षात चार वेळा खणला. एकदा नळासाठी, एकदा फोनसाठी, एकदा गटारासाठी आणि एकदा कशासाठी ते खणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मी गच्चीतून ओरडतो. सूनबाई पंकजा म्हणते, "मामंजी, खाली या, लोक बघतायत."

चौडप्पा

*

बिदिरूर, २६ फेब्रुवारी १९९२

मामा,

अकरापैकी नऊ किलोमीटर झाले. खडी धुतली म्हणून कंत्राटदाराने मला वेड्यात काढलं. म्हणे, "मॅडम, खडीला साबण पण लावू का?" मी म्हटलं, लावा.

पहिले चार दिवस सुटी खडी राहतेच, गाड्या हळू चालवा म्हणून पाट्या लावल्या. सोसायटीचे सेक्रेटरी पाटी वाचायला मान वळवून बघत असताना स्कूटरवरून घसरले. कोपर सोललं. बसच्या काचेला खडा लागून तडा गेला. गावोगाव बोभाटा: नागवेणी रस्ता करत नाही, कोंबड्यांना दाणे टाकते. पाचव्या दिवशी सुटी खडी झाडून काढली, खाली काळाभोर, खरबरीत, घट्ट रस्ता. तेव्हा मात्र बोलायला कोणी नाही.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. परवा दुपारी तिम्मा सुपारीच्या झाडावरून पडला. आपल्या शेजारच्या होन्नम्माचा नवरा. शेवटची काढणी चालू होती, झावळी तुटली आणि चाळीस हातांवरून खाली आला. जीप मिळाली. पण फाट्यापर्यंतचे दोन किलोमीटर यायला पाऊण तास लागला. तो किंचाळत होता, मग किंचाळणं थांबलं, तेव्हा सगळे जास्त घाबरले. फाट्यापासून पुढे माझ्या नव्या रस्त्यावरून दवाखान्यात वीस मिनिटांत पोचला.

कमरेचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, पडून जेवढं मोडलं त्याहून जास्त वाटेत हललं. वाचेल. पुन्हा झाडावर चढणार नाही.

काल मी गावात गेले तर होन्नम्मा अंगणात उभी होती. मला म्हणाली, "ये बाई. तुझा मलम लावलेला रस्ता फार गुळगुळीत आहे, असं जीपवाला सांगत होता." बस. एवढंच. अव्वाने दारच लावून घेतलं.

यंदा काहीतरी करून त्या दोन किलोमीटरचं बघणार आहे. पैसे नाहीत, पण बघणार आहे.

वेणी

*

म्हैसूर, ५ मार्च १९९२

वेणी,

तिम्माचं वाचून जेवण गेलं नाही. लहान असताना तो माझ्या गँगला पाणी आणून द्यायचा.

तू त्या तुकड्याच्या मागे लागू नकोस. पैसे नसताना काम काढलं की अर्धवट राहतं आणि नाव तुझं जातं. मुरमाच्या दहा गाड्या टाक. खणून काही निघणार नाही. तुला बढती मिळायची वेळ आलीये, उगाच जुनी हाडं उकरू नकोस.

चौडप्पा

*

बिदिरूर, १७ मार्च १९९२

मामा,

बढतीसाठी मी हे करतेय असं तुम्हाला वाटावं? मी पाच वर्षांची असताना मैलाच्या दगडाला चुना लावायला मला घेऊन जात होतात तुम्ही. तेव्हापासून दुसरं काही मला येतच नाही.

मी खणलं. तीन ठिकाणी. वर चार बोटं मुरूम, खाली सरळ लाल चिकणमाती. दगड नाही. एकही नाही. पावसात मातीचा गारा होतो आणि वरचं सगळं खाली बसतं, म्हणून हा तुकडा चौदा वर्षांत चौदा वेळा मोडला. आणि आपण चौदा वेळा मुरूम टाकला.

मग जुनी मोजणीची वही काढली. १९७८, मे महिना. फाटा ते कानकोप्पा, खाली हातभर दगडाची भरणी, वर खडी, त्यावर डांबर-खडीचे दोन थर. काम पूर्ण. जागेवर हजर मुकादम म्हणून सही: चौडप्पा.

ती सही मी डोळे मिटून ओळखीन.

दगड कुठे गेला, मामा?

वेणी

*

म्हैसूर, २४ मार्च १९९२

चि. वेणीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. इथे नळाला आठ दिवस पाणी नाही. पंकजाने मला रांगेत उभं केलं, माझा गुडघा धरला. रांगेत एक निवृत्त पोस्टमास्तर भेटले, चांगले गृहस्थ आहेत. सोमशेखरची बदली होणार असं कळतं. जुन्या वह्यांमध्ये कारकुनांच्या चुका फार असतात. उन्हात फिरताना डोक्याला पदर घे.

चौडप्पा

*

(कार्ड) बिदिरूर, २९ मार्च १९९२

मामा, गुडघ्याला एरंडेल लावा. आणि कारकुनाला तुमची सही करता येत नव्हती. वेणी

*

म्हैसूर, ८ एप्रिल १९९२

वेणी,

तुझं कार्ड पोस्टमनने वाचलं, पंकजाने वाचलं, मग मी वाचलं.

तेव्हाच्या ओव्हरसिअरने मला बोलावलं. शेजारी गावचे पटेल रंगप्पा बसले होते. त्यांचं सुपारी वाळवायचं नवं खळं चाललं होतं. ओव्हरसिअर म्हणाला, "दगड पटेलांकडे जाऊ दे, वर मुरूम पसरून घे. तू सही कर. नाहीतर तुझी सात माणसं उद्यापासून घरी." माझे सातही जण रोजंदारीवर होते. कोणाची नोकरी पक्की नव्हती. मी सही केली.

हेच मी चौदा वर्षं स्वतःला सांगत आलो. हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं की संध्याकाळी पटेलांच्या गाडीने अर्धी गाडी दगड तुझ्या अव्वाच्या परसात आणून टाकला. मी तो परत पाठवला नाही. तुमच्या विहिरीला कठडा नव्हता. दहा-बारा वर्षांची झालीस तरी तू तीन वेळा आत डोकावताना सापडली होतीस. मी त्या दगडांनी कठडा बांधला. गावाला सांगितलं, नदीवरून आणला.

ओव्हरसिअर मेला. पटेल मेले. सही राहिली.

तू लहान होतीस म्हणून बांधला, असं म्हणून मी सुटू बघत नाहीये. कठडा नदीच्या दगडाचाही झाला असता. चार दिवस जास्त लागले असते.

चौडप्पा

*

बिदिरूर, १४ एप्रिल १९९२

मामा,

पत्र वाचल्यावर दोन दिवस मला तुमचा इतका राग आला होता की तुमचं नाव घेणाऱ्या शिपायालाही मी ओरडले. तिसऱ्या दिवशी अव्वाला वाचून दाखवलं. ती उठून परसात गेली आणि कठड्यावरची हंडी-कळशी उचलून जमिनीवर ठेवली.

मला माफी मागणारी पत्रं नकोत. हे गावाला मी सांगणार नाही. तुम्ही येऊन सांगा.

आणि आलात तर मला एक गोष्ट शिकवा. दगडाचे पैसे नाहीत, डांबराचे नाहीत. जूनला सात आठवडे राहिलेत. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?

२५ पासून मला शिमोग्याला चौकशीला बोलावलंय. धर्मप्पांनी तक्रार केली आहे की मी शासनाची खडी धुवायला शासनाचं पाणी वाया घालवलं. पत्र तिकडच्या विश्रामगृहाच्या पत्त्यावर लिहा.

वेणी

*

कानकोप्पा, २७ एप्रिल १९९२

वेणी,

मी आलो. अक्काकडे, तुझ्या अव्वाकडेच उतरलोय. तिने ताट माझ्यापुढे आपटलं, पण वाढलं. भाकरीवर तूप नव्हतं.

काल चौडम्मादेवीच्या देवळापुढे लोक जमवले. मी उभा राहून सांगितलं. ओव्हरसिअरचं, पटेलांचं, माझं, कठड्याचं.  कोणी शिव्या देईल, अंगावर येईल, असं मनात धरलं होतं.  

त्याऐवजी धर्मप्पा सुरू झाले, "सरकारकडे अर्ज करू, चौकशी लावू, दोषींना..." होन्नम्मा उठली. म्हणाली, "अध्यक्ष, खाली बसा. दोषी समोर उभा आहे, चौकशी कसली लावताय?" मग माझ्याकडे वळली. "चौडप्पा, तुमची सही खोडून माझ्या नवऱ्याची कंबर सरळ होणार आहे का?"

मी म्हटलं, नाही.

"मग रडगाणं पुरे. पाऊस कुठून येतो रस्त्यावर ते सांगा. तुम्हाला माहीत असेल तर."

मला माहीत आहे, वेणी. मला तेवढंच माहीत आहे.

तू विचारलंस ना, काय केलं असतं म्हणून. ऐक. डांबर विसर. त्या तुकड्याला आधी कोरडं करायचं. वरच्या डोंगरातलं सगळं पाणी रस्त्यावर उतरतं. वरच्या अंगाने एक आडवा चर मारला की ते रस्त्यावर यायच्या आधीच ओढ्याकडे वळेल. दोन्ही बाजूंना गटारं. तीन ठिकाणी सिमेंटचे पाईप घाल, ते तुझ्या गोदामात पडलेत, मी १९८६ सालीच पाहिलेत. रस्त्याला पाठ हवी, कासवासारखी, म्हणजे पाणी मध्ये बसणार नाही. सगळ्यात वाईट चारशे मीटरला तेवढा दगड, बाकीला नुसता चांगला मुरूम, पाणी मारून, रोलर फिरवून. हे दोन पावसाळे टिकलं तर मग त्यावर तुझी खडी.

आज सकाळी साठ माणसं फावडी घेऊन आली. पटेलांच्या नातवाकडे दगड मागायला गेलो होतो. म्हणाला, "खळं आमच्या आजोबांचं. कागद असेल तर कोर्टात या." कागद मीच खोटा केलाय, कोर्टात काय नेऊ? परत आलो आणि अक्काच्या परसातला कठडा पहारीने काढायला घेतला. अक्का दारात उभी राहून बघत होती. मग तिने पदर खोचला आणि पाटी उचलली.

कठड्यातून जेमतेम सोळा हात रस्ता भरला. बाकीचा दगड बाया ओढ्यातून आणतायत. होन्नम्मा मला सुखाने उभं राहू देत नाही. "मुकादम, बसलात का? मुकादम, इकडे पाणी तुंबेल की!" आज दिवसभरात पन्नास वेळा. खरं सांगतो, तेहतीस वर्षांत कुठल्याही साहेबाने मला इतकं छळलं नाही.

चौकशीत सांग, धुतलेल्या खडीचं पाणी आमच्या शेतात गेलं, वाया गेलं नाही.

चौडप्पा

*

बिदिरूर, २२ जुलै १९९२

मामा,

तुम्ही एक जूनला बसमध्ये बसलात आणि सातला पाऊस लागला. सहा आठवडे थांबलेला नाही. म्हणून उशीर.

आधी अकरा किलोमीटरचं सांगते. एकही खड्डा नाही. एकही! आणि एकही माणूस त्याबद्दल बोलत नाही. न पडलेल्या खड्ड्याचं कौतुक कोण करणार? धर्मप्पा परवा म्हणाले, "यंदा पाऊसच बेताचा आहे." मामा, आमच्या ऑफिसात छतातून पाणी गळून हजेरीपट धुऊन निघाला, आणि यांच्या लेखी पाऊस बेताचा!

चौकशीतून सुटले. लेखी ताकीद मिळाली, पुढे खडी धुण्याआधी परवानगी घ्यावी. बढती गेली म्हणा.

कानकोप्पा: दोन किलोमीटरमधला दीड शाबूत आहे. वरचा चर काम करतो, पाणी रस्त्यावर न येता ओढ्याला जातं, मी छत्री घेऊन उभी राहून पाहिलं. पण दुसऱ्या पाईपपाशी वाहून गेलं. पाईपाचं तोंड पानांनी बुजलं आणि पाणी वरून गेलं. बस येते, पण तिथे सगळे उतरून चालतात आणि पुढे पुन्हा चढतात. शिव्या मलाच.

पानं रोज काढायला माणूस हवा. वर लिहिलं, तर उत्तर आलं, रस्ता राखणाऱ्या मैलकुलींची पदं बंद झाली आहेत. लाखांचा रस्ता मागा, देतील. एक माणूस आणि एक कोयता मागा, तर तरतूद नाही!

म्हणून गावानेच ठरवलं. तिम्मा काठी टेकत चालायला लागलाय. दर घरामागे महिन्याला दोन शेर तांदूळ, आणि तिम्माने रस्ता सांभाळायचा. मला वाटलं दयेने ठेवलाय. चार दिवसांत दया गेली. गटारावरून बैलगाडी घालणाऱ्यांना तो अशा शिव्या देतो की लोक लांबून वळसा घेतात. धर्मप्पांच्या जीपपुढे काठी आडवी धरून उभा राहिला, "गटारात चाक गेलं तर तुम्हीच उतरून माती काढायची."

पण त्याला पाणी वाचता येत नाही. पाऊस थांबल्यावर जातो, तोवर नुकसान झालेलं असतं. तुम्ही चार ओळी लिहून पाठवा, मी वाचून दाखवीन.

अव्वा बोलते आता. विहिरीला चार बांबू बांधलेत.

वेणी

*

म्हैसूर, २ ऑगस्ट १९९२

चि. वेणीस आशीर्वाद.

तिम्माला वाचून दाखव:

तिम्मा, पाऊस थांबल्यावर बाहेर पडू नकोस. पाऊस चालू असताना बाहेर पड. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे वळतं, हे फक्त तेव्हाच दिसतं. नंतर दिसतो तो चिखल. पाईपाच्या अलीकडे दोन हातांवर काटक्यांची जाळी उभी कर, पानं तिथे अडतील.

चौडप्पा

*

कानकोप्पा, ११ ऑगस्ट १९९२

मामा,

वाचून दाखवलं. तिम्मा म्हणाला, "मुकादमांना सांग, पावसात बाहेर पडायचं मला कळतं, पण काठी एका हातात, छत्री दुसऱ्या हातात, मग कोयता तोंडात धरू? शिकवणं सोपं आहे. वरचा चर बुजत चाललाय, तिथे चढायला माझी कंबर नाही."

होन्नम्मा आतून म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते: "यायचं असेल तर यावं म्हणावं. फावडं आपलं आणावं, आमच्याकडे एकच आहे. आणि आठ दिवसांसाठी येऊ नये."

वेणी

*

म्हैसूर, १९ ऑगस्ट १९९२

वेणी,

सोमशेखर म्हणतो या वयात डोकं फिरलंय. पंकजा म्हणते, जाऊ द्या हो त्यांना, निदान गच्चीतून ओरडणं तरी थांबेल. फावडं काल देवराज मार्केटातून घेतलं, दांडा कच्चा आहे, तिकडे बदलीन. बस कंडक्टरने फावड्याचं वेगळं तिकीट मागितलं, म्हणून त्याच्याशी भांडून परत आलो, आता रविवारच्या गाडीने निघतो.

अक्काला सांग, मला फाट्यावर उतरायचं आहे. कोणाला घ्यायला पाठवू नका. पाऊस असेल तर बरंच. दोन किलोमीटर पायी येईन, पाणी बघत बघत.

चौडप्पा